लागलं नाही

कोपरखैरण्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दहा बाय बाराचा गाळा, दोन मशीन, एक कॉम्प्युटर, लॅमिनेशनचं यंत्र. बोर्डावर ‘झेरॉक्स’ लिहिलंय, पण पोट भरतं ते फॉर्मांवर. अकरावी प्रवेश, पोलीस भरती, रेशनकार्डात नाव वाढवणं, सिडकोचं घर. माणसं मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, ‘ताई, एवढं भरून द्या.’ त्या ‘एवढं’मध्ये काय काय दडलेलं असतं ते वाचत मी पंधरा वर्षं या खुर्चीत बसले आहे.

गेल्या जूनमधली संध्याकाळ. पाऊस लागून राहिला होता, लाइट दोनदा जाऊन आली होती, आणि शटर ओढायचं म्हणून मी मशीनवर कापड टाकत होते. ओळखीच्या एक वहिनी आल्या, बरोबर मुलगा. त्यांचे मिस्टर वाशी मार्केटला कांदा-बटाट्यात माथाडी आहेत. मुलगा नुकताच दहावी झालेला, ७१ टक्के. वहिनींनी पदराने पुसून मोबाइल माझ्या हातात दिला. ‘ताई, ह्याला लॅपटॉप लागलाय. सगळं भरून झालंय, तेवढे पैसे तुमच्या फोनवरनं भरा, मी रोख आणलेत.’

स्क्रीनवर मुलाचं नाव, त्याखाली ‘अभिनंदन’, त्याखाली उलटं चालणारं घड्याळ. दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप. आधार कार्डाचा फोटो अपलोड करून झाला होता. एक हिरवी पट्टी पूर्ण भरेपर्यंत मेसेज पुढे पाठवायचा होता, तोही पाठवून झाला होता. मार्केटमधल्या बायकांना, शाळेच्या पालकांना आणि गावच्या ग्रुपवर. उरले होते ४९९ रुपये, ‘पॅकिंग व प्रोसेसिंग’चे. वहिनींनी रुमालाची गाठ सोडली आणि पाचशेची नोट काउंटरवर ठेवली.

मी नोट उचलली नाही. ‘वहिनी, हे खरं दिसत नाही’ म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला, पण त्या लगेच मागे हटल्या नाहीत. म्हणाल्या, ‘पण सरकार देतं की लॅपटॉप. तामिळनाडूत देतात, ह्याचे सर सांगत होते.’

सर बरोबर सांगत होते. तामिळनाडूत २०११ पासून सरकारी शाळांतल्या मुलांना सरकारने लॅपटॉप वाटलेले आहेत. म्हणूनच ‘फुकट काही मिळत नसतं’ हे वाक्य मी दुकानात कधी उच्चारत नाही. शिकलेली माणसं ते फार सहज म्हणतात. माझ्या काउंटरवर ते खोटं आहे. फुकट मिळतं, आणि ज्यांना मिळायला हवं ती माणसं हे वाक्य मनावर घेऊन हक्काचं सोडून देतात. महाज्योती नावाची राज्य सरकारची संस्था नागपुरातून चालते. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना जेईई, नीट, सीईटीची तयारी ती फुकट करून देते, आणि त्यासाठी टॅब्लेट आणि रोजचा सहा जीबी डेटा दिलेला आहे. मी ते फॉर्म स्वतः भरलेत. घणसोलीच्या एका मुलीला टॅब मिळाला तेव्हा ती तो दाखवायला दुकानात आली होती. स्क्रीनवरची पातळ पट्टी अजून काढलेली नव्हती.

पण त्या फॉर्माला काय काय लागलं ते आठवतं. जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेअर, डोमिसाइल, दहावीची गुणपत्रिका, अकरावी सायन्सला प्रवेश घेतल्याचा कागद. फी काही नाही. तिच्याच वर्गातल्या मुलाचं नॉन-क्रीमी लेअर वेळेत आलं नाही, तो राहिला. त्याच्या आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता, जणू मीच अडवलं. मला तेव्हा वाईट वाटलं, आणि आजही वाटतं. तरी ती योजना खरी होती याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा पुरावा तो मुलगाच आहे.

मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. खरं मोफत कुणाला तरी ‘नाही’ म्हणतं. खोट्याने आजवर कुणालाच नाही म्हटलेलं मी पाहिलं नाही.

नवी मुंबईत हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आम्ही सोडतीच्या गावात राहतो. सिडकोची घरं सोडतीने निघतात, ठाण्या-कल्याणकडची म्हाडाची घरंही. अर्ज, अनामत रक्कम, मग कॉम्प्युटरवर निघणारी सोडत. म्हाडाच्या कोकण मंडळाची सोडत ठाण्याला घाणेकर नाट्यगृहात निघाली तेव्हा माझ्या दुकानातून फॉर्म भरलेले चार जण सकाळपासून तिथे जाऊन बसले होते. विजेत्यांची यादी लागते, प्रतीक्षा यादी लागते. त्या दिवशी दुकानात गर्दी असते आणि आवाज नसतो. मी अर्ज क्रमांक टाकते, माणूस माझ्या पाठीमागून स्क्रीनकडे बघत असतो, आणि बहुतेक वेळा मला मान हलवावी लागते. ‘लागलं नाही.’

आमचंही दोनदा लागलं नाही. दुसऱ्यांदा अनामत परत जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा नवरा म्हणाला, ‘निदान पैसे आले.’ मला त्या मेसेजचं नंतर फार अप्रूप वाटायला लागलं. एखाद्या व्यवहारात हरलेल्या माणसाची नोंद आहे, त्याचे पैसे कुठे ठेवलेत ते कुणाला तरी माहीत आहे, आणि ते मोजून परत केले जातात. लॉटरीचंही तसंच. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ पासून चालू आहे, तिचं कार्यालय इथेच वाशीला आहे. मी लॉटरीच्या बाजूची नाही, घरं बसलेली पाहिली आहेत. पण तिथेही तिकिटावर नंबर असतो, सोडतीची तारीख असते, आणि न काढलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नाही. ‘तुमचा नंबर निवडला गेला आहे’ असा फोन आला की मी एवढंच विचारते, तिकीट कधी काढलं होतं?

माझ्या वडिलांनी मात्र ‘तिकीट’ काढलं होतं. पाटण तालुक्यात आमचं गाव. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल, मी तिसरीत होते. एका मासिकाच्या शेवटच्या पानावर नऊ घरांचा चौकोन यायचा. एक ते नऊ आकडे असे भरा की उभी, आडवी, तिरपी बेरीज १५ यावी. बक्षीस तीन बँडचा ट्रान्झिस्टर. वडिलांनी कंदिलाखाली बसून तो सोडवला, मला पण दाखवला. मधल्या घरात पाच येतात, हे मी तेव्हा शिकले ते अजून विसरले नाही. पोस्टकार्ड गेलं. पंधरा दिवसांनी छापील पत्र आलं, आपलं उत्तर बरोबर आहे, ट्रान्झिस्टर आपला झाला, पॅकिंग आणि टपालखर्चापुरती व्ही.पी. सोडवून घ्यावी. व्ही.पी.ची रीत अशी की पैसे आधी मोजायचे, पार्सल मग हातात. वडिलांनी शेळी विकली नाही, पण उसनवारी केली हे मला पक्कं माहीत आहे.

रेडिओ येणार म्हणून वाडीतली माणसं ओट्यावर येऊन बसली होती. पुठ्ठ्याच्या खोक्यात रद्दी निघाली आणि वजनासाठी घातलेले विटेचे तुकडे. वडील काही बोलले नाहीत. कुणी हसलंही नाही, ते जास्त वाईट होतं. एकेक करून माणसं उठून गेली. पुढे आजीने त्या खोक्यात काकडीचं बी ठेवलं आणि ते बरीच वर्षं माळ्यावर होतं. वडिलांनी मरेपर्यंत त्या प्रकाराचा उल्लेख केला नाही. कुणाला सावध केलं नाही, कुठे तक्रार केली नाही. मला त्यांचा राग नाही. पण गप्प राहिलेल्या प्रत्येक माणसामागे तो चौकोन आणखी दहा घरांत गेला असणार, हे मला आता कळतं.

तो चौकोन मी नंतर कितीदा तरी मनात मांडला. तिसरीतल्या मुलीला सुटणारं कोडं. मासिक वाचणारा प्रत्येक जण ते सोडवू शकत होता, म्हणजे प्रत्येक जण जिंकला होता. हरलेला कुणीच नाही, आणि एवढे ट्रान्झिस्टर आणणार कुठून?

खरी कंपनी फोन फुकट देते तेव्हा तिचा हिशेब वेगळा असतो. समजा ७० हजारांचा एक फोन ठेवला आणि ३५ हजार माणसांनी त्यासाठी आपलं नाव-नंबर दिलं, तर कंपनीला माणशी दोन रुपये पडले. एवढ्या स्वस्तात जाहिरात होत असेल तर कंपनी आनंदाने करेल. म्हणून अशा योजना असतात आणि त्या खऱ्या असतात. पण त्यात फोन एक असतो आणि ३४,९९९ जणांना काही मिळत नाही. जिथे ‘पहिल्या दहा हजार जणांना’ मिळणार असतो, तिथे हा हिशेब बसत नाही.

आता माझी चूक सांगते, कारण संशय घेणं म्हणजे पारख असणं नव्हे. आमच्या इथल्या एक बालवाडीच्या बाई वर्तमानपत्रातली कुपनं कापून तक्त्यावर चिकटवायच्या. रोज एक, कात्रीने नीट, तीन महिने. एकदा फोन आला, त्यांना टॅब्लेट लागला होता. पॅन कार्डाची प्रत मागितली आणि कर भरावा लागेल म्हणून सांगितलं. बाई माझ्याकडे आल्या. कर आधी भरा म्हटल्यावर मी दुसरा विचारच केला नाही. ‘बाई, फसवताहेत, पॅन देऊ नका.’ बाईंना मात्र ते पटलं नाही. त्या कुपनाच्या तक्त्यावर छापलेल्या पत्त्यावर, म्हणजे त्या वर्तमानपत्राच्या कार्यालयात, स्वतः गेल्या. विजेत्यांची यादी आधीच अंकात छापून आली होती, दुसऱ्या रकान्यात त्यांचं नाव होतं. टॅब्लेट मिळाला.

मग मी ते समजून घेतलं. दहा हजारांवरच्या बक्षिसावर ३० टक्के कर कापला जातो. बक्षीस रोख असेल तर कापून उरलेलं देतात. वस्तू असेल तर ती कापता येत नाही, म्हणून कर भरला गेल्याशिवाय देणाऱ्याने वस्तू सोडायची नाही असा कायदाच आहे. बाईंचा टॅब्लेट १८ हजारांचा, कर ५,४०० रुपये. भामटे ‘कर आधी भरा’ म्हणतात ते हवेतून काढलेलं नाही, खऱ्या नियमाचं कातडं पांघरलेलं आहे. फरक पैसे कुठे जातात त्यात आहे. बाईंनी कंपनीच्या नावाने चेक दिला, पावती घेतली, आणि तो कर त्यांच्या पॅनवर २६ एएस नावाच्या फॉर्मात नंतर दिसला. कुणा एका माणसाच्या यूपीआय नंबरवर पाठवलेला कर सरकारकडे जात नाही. आणि पैसे येण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे पाठवताना किंवा शिल्लक बघताना.

कायदा ग्राहकाच्या बाजूने बऱ्यापैकी स्पष्ट बोलतो, तो दुकानात भिंतीवर लावावा असं माझ्या मनात आहे. २०२२ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘मोफत’ या शब्दावर त्यात वेगळी तरतूद आहे. जाहिरातीला प्रतिसाद देण्याचा आणि वस्तू आणून घेण्याचा जेवढा टाळता न येणारा खर्च, तेवढाच माणसावर पडावा. पॅकिंग, हाताळणी, प्रशासकीय खर्च अशा नावांनी पैसे घेतले तर त्या वस्तूला मोफत म्हणता येत नाही. ते वाचलं तेव्हा मला वडिलांच्या पत्रातला ‘पॅकिंग’ शब्द आठवला. चाळीस वर्षांत शब्दसुद्धा बदललेला नाही! आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, बक्षीस योजना काढून तिचा अंतिम निकाल भाग घेणाऱ्यांपासून दडवणं हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. निकाल लावणं हे उपकार नव्हेत, बंधन आहे. म्हणून मी लोकांना सांगते, मागच्या वेळचे विजेते कोण होते ते विचारा.

बाकी खुणा मी मुलांना स्क्रीनवर दाखवते. लिंक डावीकडून वाचायची नाही. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरप्या रेघा सोडून, पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा तुकडा उजवीकडून वाचायचा. वहिनींच्या लिंकमध्ये ‘जीओव्ही’ होतं, पण ते सुरुवातीला, आडव्या रेघेने चिकटवलेलं, आणि शेवट भलत्याच अक्षरांनी. ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ हा शेवट सरकारी संस्थांनाच मिळतो. कुलपाचं चिन्ह दिसलं म्हणजे वाटेत कुणी वाचत नाही एवढंच. पलीकडे बसलेला साव आहे की चोर, ते कुलूप सांगत नाही. फेसबुकवर नावापुढची निळी खूणही आता विकत मिळते, फेसबुकच्या मेटा कंपनीने २०२३ मध्ये भारतात ती महिना ६९९ रुपयांना सुरू केली. त्यापेक्षा पान कधी उघडलं, आधीचं नाव काय होतं ते बघावं. चार आठवड्यांपूर्वीपर्यंत शायरीचं असलेलं पान आज फोन वाटत असेल तर सोडून द्यावं. फेसबुकच्याच नियमांप्रमाणे ‘आपल्या टाइमलाइनवर शेअर करा म्हणजे भाग घेता येईल’ अशी अट स्पर्धेला घालता येत नाही, आणि खोट्या योजनांची तर तीच पहिली अट असते.

या पुढे पाठवण्याच्या अटीबद्दल मला थोडं थांबायचं आहे. ४९९ रुपये जातात ते दिसतात. वीस जणांना पाठवताना जे जातं ते दिसत नाही. वहिनींच्या जावेने तो मेसेज उघडला तो लॅपटॉपच्या चित्रामुळे नाही. वहिनींनी पाठवला म्हणून उघडला. गावाकडून येऊन इथे वीस वर्षं जपलेली पत, ‘ती खोटं पाठवायची नाही’ हा विश्वास, तोच त्यांनी वापरला. मासिकात चौकोन छापणाऱ्याला निदान जाहिरातीच्या जागेचे पैसे मोजावे लागत होते.

मॉलमध्ये कुपन भरून पेटीत टाकलं की काही दिवसांनी ‘गिफ्ट लागलंय, मिस्टरांना घेऊन हॉटेलवर या’ असा फोन येतो, तो प्रकार अर्धा खरा असतो. गिफ्ट मिळतं. आम्हाला इस्त्री मिळाली होती, दोन तास सुट्ट्यांच्या मेंबरशिपचं भाषण ऐकून. सही केली नाही म्हणून वाचलो.

लोक म्हणतात, भाषा अशुद्ध असली की ओळखावं. ते फार धरून चालू नका. मायक्रोसॉफ्टमधले संशोधक कॉर्मॅक हर्ली यांनी २०१२ मध्ये मांडलं होतं की असे मेसेज ढोबळ असतात ते चाळणी म्हणून. शंकेखोर माणूस पहिल्याच ओळीत गळून जातो आणि भामट्याचा वेळ वाचतो. आणि वहिनींचा मेसेज तर चांगल्या मराठीत होता, ऱ्हस्व-दीर्घासकट.

पलीकडे कोण असतं याचाही मी विचार करते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून जास्त जणांना ताब्यात घेतलं. अमेरिकेतल्या लोकांना तिथल्या कर खात्याचे अधिकारी म्हणून फोन करून धमकावलं जात होतं. बहुतेक विशी-पंचविशीतली मुलं, हातात लिहून दिलेले संवाद. अशीच मुलं माझ्याकडे बायोडेटा छापून घेऊन मुलाखतीला जातात. तेव्हापासून फोन आला की मी त्या लिहून दिलेल्या कागदाबाहेरचा प्रश्न विचारते, ‘हे कुणाला मिळणार नाही?’ समोरचा गडबडतो. खऱ्या योजनेतल्या माणसाकडे याचं उत्तर तयार असतं, उलट तेच तो आधी सांगतो.

त्या संध्याकाळी मी हे सगळं काही बोलले नाही. महाज्योतीचं पान उघडून मुलाला दाखवलं. त्याने शांतपणे वाचलं आणि म्हणाला, ‘मी कॉमर्सला चाललोय.’ म्हणजे त्याला मिळणार नव्हतं. मी हो म्हटलं. मग त्याच्या आधारचं बायोमेट्रिक लॉक करून दिलं आणि कॉलेजच्या वाचनालयाबद्दल, जुन्या लॅपटॉपबद्दल कुठे विचारायचं ते सांगितलं.

वहिनी गावच्या ग्रुपकडे बघत होत्या. म्हणाल्या, ‘आता काय सांगू?’ मी म्हटलं, जे झालं ते. त्यांनी बोलून मेसेज करायला घेतला. दोनदा पुसला. तिसऱ्यांदा एका दमात म्हणाल्या, ‘मघाशी मी पाठवलेलं लॅपटॉपचं खोटं हाय, कुणी पैसं भरू नका, माझी चूक झाली.’ मिनिटभरात दिराचा फोन आला. त्याने तासाभरापूर्वीच भरले होते. मी फोन घेतला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करायला सांगितलं, पैसे पाठवल्याच्या नोंदीतला यूटीआर नंबर हाताशी ठेवून. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर परत मिळू शकतात, म्हणून उद्यावर टाकू नका म्हटलं. दीर म्हणत राहिला, ‘पाचशेच तर हायत.’ वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याच्यावर ओरडल्या, ‘आत्ता कर फोन!’

निघताना त्यांनी रुमालातून दहाचं नाणं काढलं. मी म्हटलं, प्रिंट काढलीच नाही, पैसे कसले? त्यांनी ते झेरॉक्सच्या काचेवर ठेवलं. ‘बसला की एवढा वेळ’, म्हणाल्या, आणि मुलाच्या डोक्यावर पदर धरून पावसात उतरल्या.